गळा एकाचा, चेहरा दुसऱ्याचा : ‘कट्यार’चे मार्क द्यायचे कुणाला?

संध्यामठ

रविवारी दुपारी टीव्हीवर पुन्हा ‘कट्यार काळजात घुसली’ लागला होता, पंडितजी आणि खाँसाहेब या दोन गवयांच्या चढाओढीवरच्या जुन्या संगीत नाटकाचा चित्रपट. आमच्याकडे तो लागला की भांडण ठरलेलं. या खेपेला जुंपली ती माझ्या भाचीची आणि बाबांची. भाची अकरावीत आहे, नाटक तिने पाहिलेलं नाही. खाँसाहेबांची (म्हणजे सचिन पिळगावकरची) एक तान संपली आणि ती म्हणाली, "सचिनने काय केलंय राव!" बाबांनी पेपर खाली ठेवला. "गातोय तो राहुल देशपांडे. सचिन नुसतं तोंड हलवतोय." भाची म्हणाली, "ते मला माहितीये आजोबा. पण मग मला रडू कुणामुळे आलं?"

बाबांनी चहा मागितला.

बाबांनी मूळ नाटकातला वसंतराव देशपांड्यांचा खाँसाहेब रंगमंचावर पाहिलाय, तोही एकदा नव्हे. त्यांच्या लेखी चित्रपटातला अभिनय हा अभिनयच नाही. जो गातो तोच खाँसाहेब, बाकी सोंग. मी मधल्या मधे. मला सचिन कधी फार आवडतो, कधी डोळ्यांत खुपतो, आणि असं का होतं ते सांगता येत नाही. तर जाणकारांनो, संगीत नाटकाचा चित्रपट झाला की नटाला जोखायचं कशावर? आणि चित्रपट म्हणून तो बरा की वाईट हे ठरवताना नाटक डोक्यातून काढायचं की नाही?

दगडू_पेठकर

मार्क वडिलांना द्या ताई. च्या मागून सुटले. आमच्या घरात ही युक्ती आता चालत न्हाई, बायको म्हणते आधी उत्तर द्या मग च्या.

तिसरी_घंटा

मी पंचवीसएक वर्षं हौशी आणि थोडी व्यावसायिक अशी पडद्यामागची कामं केली. त्या अनुभवावर लिहितो.

संध्यामठताई, तुमच्या बाबांचं अर्धं बरोबर आहे. १९६७ च्या मूळ संचात वसंतराव देशपांडे, भार्गवराम आचरेकर, प्रसाद सावकार, फैय्याज ही सगळी स्वतः गाणारी माणसं. दारव्हेकर मास्तरांनी लिहिलेलं, अभिषेकीबुवांनी चाली दिलेल्या. तिथे गळा आणि चेहरा वेगळा करायचा प्रश्नच नव्हता.

पण उरलेलं अर्धं कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. संगीत नाटकात अभिनयाला आपण भरपूर सूट देत आलोय. कितीतरी गायक नट गद्य आलं की पुढच्या पदाची वाट बघत उभे राहायचे. हात कुठे ठेवावा कळत नाही म्हणून शेल्याचं टोक धरायचे. आणि वन्समोअर आला की जिच्या विरहात आत्ता रडत होते तिच्याकडे पाठ करून प्रेक्षकांना नमस्कार. आपण टाळ्या वाजवायचो, कारण आपण गाणं ऐकायला गेलेलो असायचो. वसंतराव वेगळे. त्यांचा खाँसाहेब बोलतानाही खाँसाहेबच असे. पण त्या एका माणसाच्या मापाने सगळ्या संगीत रंगभूमीला नटसम्राट ठरवू नका.

चित्रपटाला ही सूट नाही. कॅमेरा तुमच्या भुवईत येऊन बसतो.

कोमल_रिषभ

तिसरी घंटा, भुवईचं मान्य. पण माझं दुखणं वेगळं आहे आणि ते दिग्दर्शनाचं आहे, नटांचं नाही.

‘घेई छंद मकरंद’ नाटकात दोन चालींत येतं. शब्द तेच. एक पंडितजींच्या वळणाची, सोज्वळ, स्वराला गोंजारत जाणारी. दुसरी खाँसाहेबांची, आक्रमक, तानेच्या अंगाची. अख्ख्या नाटकाचं भांडण या दोन चालींत सांगून झालंय. संवाद नसते तरी चाललं असतं. पण त्यासाठी ऐकणाऱ्याला वेळ मिळायला हवा. एक गायकी अंगात मुरेपर्यंत दुसरी कशी वेगळी ते कळत नाही. चित्रपटात पद रंगात येतंय म्हणेपर्यंत कट. समोर बसलेल्यांच्या माना हलताना दिसतात, झुंबर दिसतं, कुणाच्या तरी डोळ्यात पाणी दिसतं. अहो, मला गाणाऱ्याकडे बघू द्या की!

दुसरं म्हणजे शेंदूर. खाँसाहेबांची बेगम शेंदूर खायला घालून पंडितजींचा आवाज घालवते हा प्रसंग चित्रपटात इतका ठसठशीत आहे की पुढे दोन गायकींचा वाद उरतच नाही, गुन्हा आणि गुन्हेगार उरतात. कुणाची कला मोठी हा प्रश्न बाजूला पडून कुणाचं पाप मोठं हा सुरू होतो.

फुकटपास

झुंबराला पण मार्क द्या की. त्यानं एकदापण ओव्हरॲक्टिंग केलेली न्हाई.

सहायक_क्र_४

वर कटवरून ओरड झाली आहे, म्हणून धंद्यातल्या माणसाने थोडं सांगावं. मी चित्रीकरणावर सहायकाचं काम करतो (नावातच आहे).

गाणं आधी स्टुडिओत ध्वनिमुद्रित होतं. सेटवर ते मोठ्याने वाजवतात आणि नट त्यावर ओठ जुळवतो. साध्या भावगीताला हे सोपं. तानेला महाकठीण, कारण तान ओठांत नसतेच. ती पोटातून येते, गळ्याची शीर फुगते, जबडा किंचित थरथरतो. नुसता ‘आ’ करून बसलेला नट दोन सेकंदांत उघडा पडतो. मग संकलक काय करतो? समोरच्या झुंबराकडे जातो. प्रत्येक वेळी हेच कारण असतं असं नाही. पण दहापैकी चार वेळा, तुम्हाला वाटतं दिग्दर्शकाला गाण्याची कदर नाही, आणि खरं तर तो नटाची लाज राखत असतो.

आपल्याच गावात याच्या उलट झालं होतं बघा. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ प्रभात फिल्म कंपनीने इथे कोल्हापुरात केला. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र, दुर्गाबाई खोटे तारामती. तेव्हा पार्श्वगायन नव्हतं. नट कॅमेऱ्यासमोर खरोखर गायचे, साथीदार चौकटीबाहेर बसायचे. गळा आणि चेहरा एकाच माणसाचा, तुमच्या बाबांना हवा तसा. पण माइकच्या टप्प्यातून हलता येत नाही, म्हणून नट खांबासारखा उभा आणि कॅमेराही तसाच. काहीतरी मिळवलं की काहीतरी जातंच.

दगडू_पेठकर

टेंबे आमचे! सांगवड्याचे! हे कुणीतरी लिहिणार म्हणून वाट बघत हुतो, शेवटी मलाच लिहावं लागलं.

परदेशी_पाव्हणा

दगडूशेठ, तुमच्या टेंब्यांवरून आठवलं. १९११ च्या ‘मानापमान’ला चाली त्यांच्याच. त्याचाही चित्रपट आला की, २०२५ च्या जानेवारीत, ‘संगीत मानापमान’. ‘कट्यार’सारखेच दिग्दर्शक पुन्हा सुबोध भावे, संगीत पुन्हा शंकर-एहसान-लॉय. मी इथे परदेशात गाडी काढून दीड तास लांब जाऊन पाहिला, थिएटरात आम्ही अकरा जण. माझं मत : ‘कट्यार’चं नशीब असं की त्याची गोष्टच गाण्याची आहे. माणसं गातात कारण ती गवई आहेत. ‘मानापमान’मध्ये सेनापती आणि श्रीमंताची पोर गातात, कारण ते संगीत नाटक आहे. रंगमंचावर आपण ते विचारत नाही. पडद्यावर खरं वाटणारं जंगल, खरा घोडा, खरी तलवार दिसली की प्रश्न पडतो, हा आत्ता गायला का लागला? त्या नटांना मार्क कमी देताना मला जरा वाईटच वाटतं.

कोमल_रिषभ

पाव्हणं, हे फार बरोबर बोललात. हिंदी सिनेमात झाडाभोवती गाणारे आपल्याला खटकत नाहीत आणि ‘मानापमान’चा नायक धैर्यधर खटकतो, हाही एक विनोदच.

तिसरी_घंटा

‘मानापमान’ निघालंच आहे तर थोडं अवांतर लिहितो.

८ जुलै १९२१, मुंबई. टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’. बालगंधर्वांची नायिका भामिनी, आणि धैर्यधर आपले केशवराव भोसले. आमच्या आजोबांच्या पिढीत प्रयोग न पाहिलेली माणसंही पाहिल्यासारखी सांगायची. त्यानंतर तीन महिन्यांतच केशवराव गेले. वय एकतीस.

त्यांच्या नावाचं आपलं नाट्यगृह शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ चं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. मी खासबागेच्या बाजूला उभा होतो. लाकूड जळताना आवाज येतो, फट्‌ फट्‌ असा, तो ऐकत होतो. त्या रंगमंचाच्या उजव्या विंगेत एक फळी होती, पाय पडला की कुरकुरायची. नवीन पोरांना आम्ही पहिल्याच दिवशी सांगायचो, तिच्यावर पाय द्यायचा नाही, नायिका गाते आहे. गर्दीत माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. ते काही बोलले नाहीत, फक्त चपला काढून उभे राहिले.

असो. विषयाकडे वळा.

संध्यामठ

तिसरी घंटा काका, आम्ही पण गेलो होतो त्या रात्री. बाबा दोन दिवस जेवले नाहीत नीट. आता कळलं ना, आमच्याकडे ही भांडणं एवढी का होतात.

डग्गा

सगळ्यांचं वाचलं. मी तबल्यावर साथ करतो, देवल क्लब या आपल्या संगीतसंस्थेच्या मैफली ऐकत वाढलेला माणूस. मोठमोठ्या चर्चेत पडत नाही, एक बारीक गोष्ट सांगतो.

खरा गवई समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, तबलजीकडे बघत नाही. सम यायच्या आधी बघतो. अर्ध्या आवर्तनावर नजर टाकतो, "येतोय, आहेस ना?" अशी. समेवर तर बहुतेकांचे डोळे मिटलेले असतात. ज्याने मैफल फक्त बाहेरून पाहिली आहे तो नट समेवर मान उडवतो, हात फेकतो, आणि तिथेच वर बघतो, कारण टाळी तिथे पडते.

आता चित्रपटातले पंडितजी, शंकर महादेवन बघा. अभिनयात नवखा माणूस, संवादात थोडा अवघडलेला वाटतो. पण गायला बसला की ती आधीची नजर आपोआप येते. त्याला कुणी शिकवलेली नसणार, ती त्याची सवयच आहे. सचिनच्या गाण्यात हातवारे जास्त, सम दाखवून घेतलेली. संध्यामठताईंना खुपतं ते हे असावं.

पण, आणि हा ‘पण’ मोठा आहे. दर दसऱ्याला दरबारात सामना होतो आणि खाँसाहेब हरतात, तेव्हा सचिन समोरचं गाणं ऐकतानाचा बघा. तिथे गळा उसना नाही. आवडतंय आणि आवडतंय याचाच राग येतोय, असा तो चेहरा आहे. दुसऱ्याची जागा बरी पडली की तोंडातून ‘वाह’ निघतो आणि मग तो गिळावा लागतो. आम्ही कलाकार मंडळी हे रोज करतो. मी तर करतोच.

फुकटपास

डग्गाभाऊ, गिळलेला ‘वाह’ खरंच भारी. म्हणजे सचिन गाताना नाही, ऐकताना बघायचा. मग असं करूया : पिक्चरचा आवाज बंद करून बघायचा. गळाच नाही तर वादच नाही. जो मुका असूनही गवई वाटेल त्याला मार्क. ताई, तुमच्या बाबांवर प्रयोग करा.

दगडू_पेठकर

आवाज बंद करून संगीत नाटक! नाद खुळा. उद्या म्हणशील रस्सा न घालता मिसळ खा.

सहायक_क्र_४

हसू नका. एडिटिंगच्या टेबलावर आम्ही हे करतो. आवाज बंद केला की खोटा नट लगेच दिसतो.

कोमल_रिषभ

माझी हरकत नोंदवते. मुका करून बघितल्यावर चांगला वाटला म्हणून चांगला, हा निकष बोलपटाला कसा लावायचा? शिवाय चित्रपटातलं ‘अरुणि किरणि’ मुकं बघितलंत तर काय बघितलंत? महेश काळेला ते गायल्याबद्दल राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो डोळे मिटून ऐकणाऱ्यांमुळे. खाँसाहेब म्हणून आपल्याला जो भावतो त्यात राहुलचा अर्धा वाटा आहे, आणि त्यात त्याच्या आजोबांचा, वसंतरावांचा गळा ऐकू येतो हे आणखी निराळं. राहुल आणि महेश या दोघांनीही आधी ही पदं नव्या संचाच्या नाटकात रंगमंचावर गायली होती, तेव्हा त्या गाण्यांत अभिनय भरलेला आहेच. गळा बाजूला काढून चेहऱ्याला मार्क देणं म्हणजे आमटीतून मीठ काढून चव सांगण्यासारखं.

तिसरी_घंटा

कोमल, दोघांचंही बरोबर असू शकतं. बालगंधर्वांचं उदाहरण घ्या. १९३५ ला प्रभातच्या ‘धर्मात्मा’त ते एकनाथ झाले. मग १९३७ ला बाबूराव पेंटरांनी ‘साध्वी मीराबाई’ केला, तो जवळजवळ नाटकच पडद्यावर. त्यात बालगंधर्व मीरा. वय पन्नाशीला आलेलं. तो गळा, ती लय, सगळं त्यांचंच, उसनं काहीच नाही. गॅसच्या बत्तीत, दहाव्या रांगेतून ज्या माणसावर महाराष्ट्र भाळला होता, त्याच माणसाला भिंगाने जवळून दाखवलं आणि जमलं नाही. गळा आणि चेहरा एकाचा असणं ही हमी नाही, एवढंच मला म्हणायचंय.

परदेशी_पाव्हणा

आणि उलटं उदाहरण २०११ चा ‘बालगंधर्व’. चेहरा सुबोध भाव्यांचा, गळा आनंद भाट्यांचा. मला तरी शिवण दिसली नाही.

कोमल_रिषभ

कारण तिथे दोघांनी एकाच माणसाचा अभ्यास केला होता. ‘कट्यार’मध्ये सचिनने एक खाँसाहेब कल्पिला आणि राहुलने दुसरा गायला असं मला अधूनमधून वाटतं. राहुलचा खाँसाहेब जखमी आहे, सचिनचा दुष्ट. दोघे एकत्र येतात तेव्हा अंगावर काटा येतो, सुटतात तेव्हा खुपतं. (हो, हे मला आत्ता लिहिता लिहिता सुचलं. धाग्याचे आभार.)

दगडू_पेठकर

मी ह्यो पिक्चर २०१५ च्या दिवाळीत थेटरात बघितला. मागं दोन आज्ज्या बसल्या हुत्या, दोघींना सगळी पदं पाठ. पडद्यावर मिरजेचं नाव आलं आणि आमच्या रांगेतनं शिट्टी पडली, तवा एक आज्जी दुसरीला म्हणाली, "मिरजेला काय शिट्ट्या मारतायत, कोल्हापूर म्हणाले असते तर बरं हुतं." पुढं पदाला त्या दोघी पण गायल्या, मोठ्यानं. आम्हाला स्टिरिओ. माझे मार्क त्यांना.

संध्यामठ

चार दिवसांनी येतेय. प्रयोग केला.

काल रात्री जेवणं झाल्यावर बाबांना सांगितलं, आवाज बंद करून बघायचंय. "डोकं फिरलंय तुझं," म्हणाले, पण बसले. भाची रिमोट घेऊन.

पहिली पाच-दहा मिनिटं हसण्यात गेली. आवाज नसताना दरबारातली माणसं माना डोलावताना भलतीच गमतीची दिसतात. पंडितजींच्या गाण्याला बाबा म्हणाले, "हा गातोय." डग्गाकाकांचं मी काही सांगितलं नव्हतं. खाँसाहेबांची तान आली. बाबा म्हणाले, "हा हात चालवतोय." भाचीचा चेहरा पडला.

मग सामन्याचा प्रसंग. पंडितजी गातायत, खाँसाहेब समोर. सचिनचे डोळे आधी खाली, मग वर, ओठ किंचित उघडून मिटलेले. बाबा काहीच बोलले नाहीत. मी तिरक्या नजरेने बघत होते. पुढे पंडितजींचा आवाज लागत नाही तो प्रसंग आला. तो तर तसाही मुकाच म्हणायचा. आणि मग खाँसाहेब विजयी होऊन हवेलीत येतात. तेवढ्यात बाबा गायला लागले. पडद्याकडे बघत, हळू आवाजात, दात नाहीत तसं, ‘तेजोनिधी लोहगोल’. ते पद तिथे नाही हे मला माहीत आहे, त्यांनाही. सचिनचे ओठ भलत्याच कशावर हलत होते, एक अक्षर जुळत नव्हतं.

भाचीने आवाज वाढवला नाही. मी तिला नको म्हणून खुणावलं होतं, पण तिला सांगायची गरज नव्हती.

पद संपल्यावर बाबा म्हणाले, "वसंतराव इथे एवढं बघत नसत. गात असत." मी विचारलं, म्हणजे सचिन वाईट? "वाईट कुठे म्हटलं? बघतोय चांगला," म्हणाले. "पण मुकं कशाला लावलंयस, आवाज कर."

डग्गा

‘बघतोय चांगला.’ तुमच्या बाबांकडून एवढं म्हणजे सोन्याचं कडं. सम कुठे पडली त्यांची?

संध्यामठ

‘लोहगोल’वर. मांडीवर थाप मारून. आणि हो काका, सम यायच्या आधी भाचीकडे बघितलं त्यांनी.

फुकटपास

मग चहा मिळाला का त्यांना?

संध्यामठ

साडेअकराला. भाचीने केला, साखर विसरली.

दगडू_पेठकर

पुढच्या रविवारी ‘मानापमान’ लावा. आवाजासकट. मी येतो, कांदाभजी घेऊन येतो. पाव्हणं, तुमच्यासाठी फोटो टाकतो.